१४ एप्रिल १९४४ : गोदी कामगारांची नावे लिहा
मुंबई बंदर प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मंडळाचे सर्व सदस्य,
मुंबई बंदर प्राधिकरण

प्रत : मुंबई अग्निशमन दल, महाराष्ट्र राज्य पुराभिलेख संचालनालय

महोदय,

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये एक नंबर बर्थवर, म्हणजे जहाज लागायच्या जागेवर, उभे असलेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे स्फोटके आणि कापूस भरलेले जहाज दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोटाने फुटले आणि २८ मिनिटांनी पुन्हा फुटले. मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि पुढे आठवडाभर कार्यक्रम होतात ते याच जवानांसाठी. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. हे व्हायलाच हवे होते, झाले, आणि चालू राहावे.

आमचे मागणे दुसऱ्यांसाठी आहे. या दुर्घटनेवरच्या लिखाणात एक आकडा पुन्हा पुन्हा येतो : गोदीच्या वेगवेगळ्या कामांशी संबंधित २३१ जण मेले, त्यांत ६६ अग्निशामक होते. उरले १६५. हे १६५ जण कोण? टिंडेल म्हणजे टोळीचे म्होरके, माल उचलायचे यंत्र चालवणारे विंचवाले, होल्डमधले म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालकोठीतले मजूर, धक्क्यावरचे हमाल, शेडमधले कारकून, पहारेकरी. लोकांच्या आठवणीत त्यांचा आकडा तेवढा राहिला. ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, ते त्या आकड्यातही नसणार. शहरभरातल्या एकूण मृतांचा अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत हेलकावतो, त्याचे मोठे कारण हेच आहे. एवढे मोठे अंतर मोजणाऱ्याच्या चुकीने पडत नाही. मेलेल्या माणसाची आधी कुठे नोंदच नसली की पडते.

सैनिकाला पलटण असते, खलाशाला जहाजाची क्रू-लिस्ट असते, जवानाला दलाची हजेरी असते. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे मस्जिद बंदरच्या खलाशी निवासात आजही आहेत, कारण जहाज निघताना ती कागदावर घेतलेली होती. गोदीतल्या मजुराचे तसे नव्हते. त्या काळी जहाजावरचे काम स्टीव्हडोअर म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट घेणाऱ्या कंपनीकडे आणि धक्क्यावरचे काम मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या टोळीवाल्यामार्फत चाले. सकाळी गेटवर माणसे उभी राहत आणि मुकादम किंवा टिंडेल जितकी लागतील तितकी उचलून आत नेई. कंपनीच्या वहीत बहुतेक वेळा टोळीचा नंबर, मुकादमाचे नाव आणि माणसांची संख्या असे. माणूस कोण, कुठल्या गावचा, ते मुकादमाला तोंडपाठ. तो मुकादमही त्याच धक्क्यावर गेला की वही आणि माणसे एकदमच गेली.

या मजुरांत तरणी पोरे पुष्कळ असत. १९३८ च्या बाल-रोजगार कायद्याने बंदरात माल हाताळायला १५ वर्षांखालच्या मुलांना बंदी होती. म्हणजे १५ पूर्ण झालेला पोरगा कायद्याने चालत होता, आणि वय विचारायला गेटवर कोणी दाखला मागत नव्हते. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेली ही पोरे मांडवी, डोंगरी, वाडीबंदरच्या गाळ्यांत दहा-पंधराजणांत पाठ टेकत, खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवत आणि उरले ते मनीऑर्डरने गावी पाठवत. युद्धामुळे काम भरपूर होते. महागाईही होती, मे १९४३ पासून मुंबईत रेशन सुरू झाले होते. काम असे : एका हॅचवर, म्हणजे होल्डच्या तोंडावर, दहा-बारा जणांची टोळी. टिंडेल हुकमी, दोघे विंचवर, एक जण हॅचच्या काठावर उभा राहून हाताने खुणा करणारा, बाकीचे खाली होल्डमध्ये. हातात लोखंडी हूक, पाय बहुधा अनवाणी. कापसाची बांधीव गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. ती हूक लावून कलवायची, स्लिंगमध्ये, म्हणजे उचलायच्या फासात, सरकवायची, वरची दोरी ताणली की बाजूला व्हायचे. वरचा माणूस चुकला तर खालच्याला सरकायला जागा नसते. होल्डमधून बाहेर पडायची वाट एकच, भिंतीला लावलेली लोखंडी शिडी.

अशा एका होल्डमध्ये त्या दिवशी काय भरलेले होते ते पाहा. ७,१४२ टनांचे हे जहाज १९४२ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टला बांधलेले. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. जहाजावर सुमारे १,३९५ टन स्फोटके आणि दारूगोळा, त्यांतली २३८ टन सर्वांत संवेदनशील ‘अ’ वर्गातली. शिवाय लढाऊ विमानांचे सुटे भाग आणि सोन्याच्या विटा. कराचीला जागा रिकामी झाली तिथे ८,७०० गाठी कापूस, वंगणाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ आणि मासळीचे खत भरले. ८,७०० गाठी म्हणजे साधारण दीड हजार टन कापूस, स्फोटकांच्या वजनापेक्षा जास्त. कॅप्टन नायस्मिथ यांनी या भरणीला हरकत घेतली होती. युद्धाची निकड सांगून ती बाजूला सारली गेली. दोन नंबरच्या होल्डमध्ये खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना झाली.

जहाज १२ एप्रिलला मुंबईत आले. शांततेच्या काळातला नियम असा होता की स्फोटके असलेल्या जहाजाने गोदीच्या आत यायचे नाही. बाहेर नांगरून पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, माल उतरवायचा आणि लाल बावटा लावायचा. युद्धाच्या सवलतीत जहाज थेट धक्क्याला लागले आणि बावटा लागला नाही. लाल बावटा म्हणजे शेजारच्या धक्क्यावरच्या अडाणी माणसालाही कळणारी सूचना, आणि नेमकी तीच नव्हती. मग उतरवणी रखडली. वासाला कंटाळून मासळीचे खत आधी काढले. भंगार उचलायला जड क्रेन मिळाली नाही. ‘अ’ वर्गाची स्फोटके पडावांतच उतरवायची होती आणि पडाव यायला दुसरा दिवस उजाडला. ४८ तासांत जे आधी उतरायला हवे होते ते होल्डमध्येच राहिले. इंजिन दुरुस्तीला खोललेले होते, म्हणजे जहाज आपल्या बळावर हलूही शकत नव्हते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर दोनच्या सुमारास दोन नंबरमधून धूर दिसला. कापसाची आग कशी असते, हे ज्यांनी गोदामात ती विझवली आहे त्यांना सांगावे लागत नाही. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसते. वरून मारलेले पाणी बाहेरच्या थरापलीकडे शिरत नाही. गाठ बाहेर काढून, पट्ट्या तोडून, फोडून भिजवली तरच आग मरते. आणि दाबलेली असली तरी गाठ पाण्यापेक्षा हलकीच असते. त्यामुळे होल्डमध्ये पाणी भरत गेले की पेटत्या गाठी तरंगत वर येतात, इथे त्या स्फोटकांच्या तळाशी जाऊन लागल्या. जवानांनी बत्तीस नळ्या लावून नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले. पाणी उकळू लागले. जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग फुगून आला तेव्हा आग नेमकी कुठे आहे ते कळले. पत्रा कापून तिथूनच पाणी मारावे म्हणून गॅस कटर आणवला, तो चालला नाही.

याच वेळी धक्क्यावर जबाबदार माणसांची सल्लामसलत चालली होती. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी धोका स्पष्ट सांगितला : हे जहाज उडाले तर सगळी गोदी जाईल. गोदीचे जनरल मॅनेजर कर्नल सॅडलर यांचे मत जहाज ओढून बाहेर न्यावे असे होते. जागीच बुडवावे असा एक विचार होता. पण धक्क्यापाशी पाणी इतके उथळ की जहाज तळाला टेकले तरी वरच्या मजल्यावरची स्फोटके बुडाली नसती. दलप्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना पाण्यानेच आग आटोक्यात येईल असे वाटत होते. यांतला प्रत्येक जण आपल्या खात्याचा मुखत्यार होता आणि सगळ्यांवर हुकूम चालेल असा एकही माणूस त्या धक्क्यावर नव्हता. दोन तास असे गेले. पावणेचारच्या सुमारास धूर काळा झाला, ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. स्फोटाला मग १६ मिनिटे उरली होती. १६ मिनिटांत चालत्या माणसालाही एक किलोमीटरहून दूर जाता येते. पण हुकूम जहाजापुरता होता. शेजारच्या बर्थवर, शेडमध्ये, प्रिन्सेस डॉकमध्ये, गेटबाहेर काम करणाऱ्यांना ‘निघा’ असे सांगणारा भोंगा झाला नाही. काही लोक तर आग बघायला जवळ सरकले, कारण हे कापसाचे जहाज आहे एवढेच त्यांना कळले होते.

पहिल्या स्फोटात जहाजाचे दोन तुकडे झाले. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. ‘जलपद्म’ या जहाजाचा मागचा भाग उचलून शेडवर जाऊन पडला. जळता कापूस मांडवी, दाणाबंदर, मस्जिद बंदरवर बरसला. ४ वाजून ३४ मिनिटांनी चार नंबरच्या होल्डमधली स्फोटके उडाली. मधल्या २८ मिनिटांत मदतीला धावलेल्यांना, मागच्या भागात अजून तितकाच धोका बाकी आहे हे सांगणारी कोणतीही व्यवस्था उभी नव्हती. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ८० हजार लोक बेघर झाले, ५० हजार टनांहून अधिक धान्य गेले, आणि ढिगारा उपसून गोदी चालू करायला ८ हजार माणसे सात महिने राबली. ढिगारा उपसणारेही मजूरच होते, हे एकदा नोंदवून ठेवू.

आता आमच्या मागण्याचे मूळ. चौकशीत घातपात नाकारला गेला आणि होल्डमध्ये कोणीतरी टाकलेल्या विडी-सिगारेटच्या थोटकाची शक्यता पुढे आली. ते थोटूक कोणाचे, हे कोणी दाखवू शकले नाही. तरीही ऐंशी वर्षे या कथेत गोदी मजूर येतो तो तेवढ्याच एका भूमिकेत : विडी ओढणारा अज्ञात इसम. कापसावर स्फोटके त्याने रचली नव्हती. पडाव उशिरा त्याने आणले नव्हते. बावटा न लावणे, बर्थ देणे, भोंगा न वाजवणे, यांतले काहीही त्याच्या हातात नव्हते. संशयित म्हणून तो कागदपत्रांत आला आणि मृत म्हणून आकड्यात गेला. हे आम्हाला पटत नाही आणि आपल्यालाही पटू नये.

दुसरीकडे सोन्याकडे पाहा. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार विटा, एकेक वीट १२.७ किलोची. विटांवर क्रमांक होते. स्फोटात एक वीट मैलभर लांब एका पारशी अभियंत्याच्या घरात छप्पर फोडून पडली, त्याने ती परत केली. गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत विटा सापडत राहिल्या आणि सापडली ती वीट यादीशी पडताळून जमा झाली. बंदराला हे काम जमते. तीच चिकाटी माणसांसाठी लावावी.

यादी करणे अवघड आहे, अशक्य नाही. कुठे शोधायचे आणि कुठे अडेल ते सांगतो.

पहिला आणि सर्वांत भक्कम धागा म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्याच्या कलम ८ प्रमाणे मृत कामगाराची भरपाई मालकाने थेट कुटुंबाच्या हाती न देता आयुक्ताकडे जमा करायची असे. जहाजावर माल चढवणे-उतरवणे हे काम कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात होते. हंगामी मजुराला कायद्यातून वगळण्याची तरतूद होती, पण ती मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामासाठी ठेवलेल्या मजुरापुरती. स्टीव्हडोअरने जहाजासाठी एका दिवसापुरता उचललेला मजूरही कायद्यात बसत होता. म्हणून आयुक्त कार्यालयाच्या १९४४ ते १९४६ च्या ठेव-नोंदी काढल्या पाहिजेत. तिथे मृताचे नाव, मालक, वारस आणि गाव एका ओळीत मिळेल. अडचण अशी की सगळ्या कुटुंबांनी दावा केलेला नसणार. गावी बातमी पोचेपर्यंतच कित्येक आठवडे गेले असतील, कारण सेन्सॉरने वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत नीट छापू दिले नव्हते.

दुसरा धागा सरकारी भरपाईचा. सरकारने दुर्घटनेची जबाबदारी घेऊन मालमत्तेच्या दाव्यांचे पैसे चुकते केले. दाव्यांची कागदपत्रे व्यापाऱ्यांची म्हणून कोणी मजुरांसाठी उघडत नाही. पण शेडमधल्या मालाचा दावा करणाऱ्याला त्या दिवशी मालापाशी कोण होते हे सांगावे लागे. गुमास्ता, हमाल, मुनीम यांची नावे अशा जबान्यांत सापडतात. काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात गृह आणि अर्थ खात्यांच्या १९४४ च्या फायली, दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीतला इंडिया ऑफिसचा संग्रह, या तिन्ही ठिकाणी पत्र प्राधिकरणाच्या नावाने गेले तर दारे लवकर उघडतात. एकट्या अभ्यासकाला तेच काम करायला वर्षे लागतात.

तिसरा धागा मृत्यूच्या नोंदींचा. मुंबईत १८७१ च्या कायद्याने कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता. अपघाती मृत्यू त्याच्याकडे जात. जे. जे., सेंट जॉर्जेस, जी. टी. आणि के. ई. एम. या रुग्णालयांची दाखल-पुस्तके, महापालिकेची वॉर्डवार मृत्यू-रजिस्टरे, चंदनवाडी, बडा कब्रस्तान आणि शिवडीच्या दफनभूमीच्या वह्या, हे सगळे १४ एप्रिल ते ३१ मे या तारखांसाठी ओळीने वाचले पाहिजे. फक्त १४ तारखेचे पान पाहू नये. भाजलेली माणसे आठ-पंधरा दिवसांनीही जातात, आणि त्यांच्या नोंदीत कारण ‘स्फोट’ असे नसून ‘भाजणे’ किंवा ‘जखम पिकणे’ असे असते. तीच नावे आजवर निसटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मग नावे जुळवणे. एकच माणूस रुग्णालयात गोविंद रामा, भरपाईच्या कागदात गोविंदा राम, कॉरोनरकडे नुसता गोविंद. आडनाव नाही, वय अंदाजाने, गाव इंग्रजी कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले. म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक द्यावा, मूळ लिखाण जसेच्या तसे उतरवावे आणि बापाचे नाव, गाव, मालक यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एक करू नयेत. शंका असेल तिथे दोन्ही ठेवाव्यात. एखादे नाव दोनदा आले तर पुढे दुरुस्त करता येते. घाईने पुसलेले नाव परत येत नाही. ज्यांची नावे मिळणारच नाहीत, त्यांच्यासाठी यादीत ‘अनोळखी पुरुष, अंदाजे १८ वर्षे’ अशीच ओळ राहू द्यावी, कारण ती ओळ हीच त्याची नोंद आहे.

बंदराच्या स्वतःच्या दफ्तरातही पाहण्यासारखे आहे : टोळीवाल्यांची बिले, एप्रिल १९४४ चे वेतनपट, मे-जूनमध्ये ‘पगार न उचललेले’ म्हणून शिल्लक राहिलेल्या रकमांची नोंद. न उचललेला पगार हा फार बोलका कागद असतो. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक आता भरून टाकले आहेत, त्यामुळे जागेवर काही मागता येत नाही. जे उरले आहे ते कागदावरच.

यादी झाली की ती मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, बंदराच्या दर्शनी भागात लावावी. गेटच्या आत पासशिवाय जाता येत नाही अशा जागी नको. पी. डिमेलो रोडवरून जाणाऱ्या माणसाला थांबून वाचता आली पाहिजे. १४ एप्रिलच्या मानवंदनेत जवानांच्या नावांनंतर ही नावे वाचावीत, आणि अग्निशमन दलाने हे आपणहून मागावे अशी आमची त्यांनाही विनंती आहे. त्या धक्क्यावर ते सगळे एकत्रच उभे होते.

शेवटची मागणी आजच्या कामगारांसाठी. बंदरात आजही कंत्राटी माणसे येतात, जवाहर द्वीपावर तेलाच्या टाक्या आहेत, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे वीज पडून टाकी पेटली होती. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात आग विझवायला गेलेल्या पथकाला आत २,७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे कोणी सांगितले नव्हते. त्या पथकातले दहा जण गेले. म्हणून प्रत्येक पाळीला आत गेलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि घरचा संपर्क असलेली यादी गेटवर तयार व्हावी आणि तिची एक प्रत धोक्याच्या क्षेत्राबाहेर राहावी. कंत्राटदाराच्या खिशात किंवा मुकादमाच्या मोबाइलमध्ये असलेली यादी ही यादी नव्हे. आग लागली की ती त्याच्याबरोबर आतच असते. धोक्याच्या मालाची जागावार माहितीही तिथेच, बंबाच्या पहिल्या गाडीला हातात मिळेल अशी ठेवावी. पाळी संपली की यादी फाडू नये, जतन करावी.

कामाला दोन जाणकार अभिलेखपाल, इंग्रजी-गुजराती-मराठी हस्ताक्षर वाचणारे दोघे आणि प्राधिकरणाच्या सहीचे एक अधिकारपत्र एवढे पुरेल. वाचन, उतरवणे आणि जुळवणी यांसाठी आम्ही विनामूल्य हजर राहू. अधिकारपत्र कोणत्या खात्याकडून आणि कधीपर्यंत निघेल, एवढे लेखी कळवावे.

आपले,
गोदीत आणि अग्निशमन सेवेत काम केलेले व मुंबई बंदराची कागदपत्रे अभ्यासणारे काही नागरिक